चार बोटं ढिलं

जॅकेट तिसऱ्यांदा परत आलं आणि सोबतची चिठ्ठीही तीच होती, "ढिलं होतं. छातीवरची प्लेट खाली सरकते." मास्तरांना वाटलं, एक तर ही पलटण वेडी झालीय, नाही तर आपण.

मास्तर म्हणजे लष्कराच्या शिलाई कारखान्यातले कटिंग मास्तर. एकतीस वर्षं त्यांनी गणवेश बेतले होते. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या टेबलाशेजारी एक खांब आला. खांबावर चार कॅमेरे, समोर फरशीवर रंगवलेली दोन पावलं. पावलांवर माणूस उभा राहिला की पडद्यावर त्याचं अख्खं अंग उमटायचं आणि त्याच मापानं बुलेटप्रूफ जॅकेट बेतलं जायचं. हे सगळं जिनं लिहिलं तिला कारखाना प्रोग्रामवाली म्हणायचा. मास्तर आधी तिच्यावर फुरंगटूनच होते. पण यंत्राला आवाज हवा होता, आणि तो तिनं मास्तरांचाच मागितला, तेव्हा स्वारी विरघळली. तेव्हापासून कुणी पावलांवर उभं राहिलं की खांबातून मास्तर गरजायचे, "ताठ उभे राहा! हलू नका!"

एकच जॅकेट परत आलं असतं तर त्यांनी ते हसण्यावारी नेलं असतं. पण चाळिसातली एकतीस परत आली होती, आणि त्यातलं एक त्याच पलटणीत असलेल्या त्यांच्या धाकट्या लेकीचं होतं. धाकटी शनिवारी सीमेवर निघणार होती. आज गुरुवार. प्लेट चार बोटं खाली सरकली की उघडं काय पडतं, हे मास्तरांना कुणी सांगायला नको होतं.

"मास्तर, आकडे बरोबर आहेत," प्रोग्रामवाली म्हणाली.

"टेपही तेच सांगतेय."

"मग चुकतंय कुठे?"

"ते मला कळलं असतं तर तुला विचारत बसलो असतो का?"

दोघांनी आधी पट्ट्यांवर संशय घेतला, मग कापडावर. शेवटी, नाचता येईना अंगण वाकडं तशातली गत, मास्तरांनी गवंड्याकडून पाणसळ मागून आणली आणि गुडघे टेकून फरशी तपासली. फरशी बिचारी सरळ होती.

दुपारी धाकटी आली. पावलांवर उभी राहिली, मास्तरांनी जॅकेट चढवलं. असं चपखल बसलं की बोट शिरेल तर शपथ.

"याला ढिलं म्हणतेस?"

"आत्ता नाहीये बाबा. पण तिकडे पलटणीत होतं."

"तिकडे होतं म्हणजे? तुला काय इथलं अंग वेगळं न् तिकडचं वेगळं आहे?"

"मलाही कळत नाहीये हो."

मास्तर वैतागून खडू आणायला आतल्या खोलीत गेले. खडू सापडला, वळले, आणि दारातून समोरच्या आरशात त्यांना लेक दिसली. प्रोग्रामवालीनं तिच्या हातात चहाचा कप दिला होता. टेबलाला टेकून ती चहा फुंकत होती. खांदे उतरलेले, आणि जॅकेट पोटाकडे घसरलेलं. चार बोटं कसली, अख्खा पंजा आत गेला असता.

मास्तर धावत बाहेर आले. धाकटी ताडकन सरळ झाली. जॅकेट चपखल.

मास्तर परत आत गेले. आरशात पाहिलं. ढिलं.

बाहेर आले. चपखल.

"मास्तर, तुम्हाला बरं वाटत नाहीये का?" प्रोग्रामवालीनं विचारलं.

"श्वास सोड," लेकीच्या हातातला कप काढून घेत, तिला पुन्हा पावलांवर उभं करत मास्तर म्हणाले.

"सोडलाय की."

पडद्यावर छाती एक्क्याण्णव. आकडा हलायला तयार नाही.

"विश्राम म्हणून बघा ना," प्रोग्रामवालीनं सुचवलं. मास्तर म्हणाले. धाकटीनं पाय फाकले, हात पाठीमागे बांधले, आणि छाती होती तिथेच ठेवली. प्रोग्रामवालीनं कपाळावर हात मारला. आता तिच्याही डोक्यात प्रकाश पडत होता. खांबातून हुकूम सुटला की चाळीसच्या चाळीस जण छाती फुगवून उभे राहत असणार. यंत्र खरं, टेप खरी, फक्त तसं अंग घेऊन दिवसभर कुणी वावरत नाही.

"अगं, सैल उभी राहा!"

"सैलच उभी आहे, बाबा!" धाकटी रडकुंडीला आली होती, आणि ती खोटं बोलत नव्हती.

मास्तरांना एकदम ती पाच वर्षांची दिसली, फ्रॉकच्या मापासाठी स्टुलावर चढवलेली. ताठ उभी राहा, हलू नकोस. पाठीवर लाकडी पट्टीची टिचकी. पुढे माप नसलं तरी ते हेच म्हणत आले, निकालाच्या दिवशी, तापात, तिची आई गेली तेव्हासुद्धा. पलटणीनं पोरीला ताठ केलं म्हणून ते चारचौघांत मिरवायचे. पलटणीला करायला काही उरलंच नव्हतं. मास्तरांना स्वतःची लाज वाटली. काय म्हटलं की ही सैल होईल, हे या पोरीच्या बापाला ठाऊक नव्हतं.

टेप हातात तशीच लोंबत राहिली. त्यांनी घसा खाकरला. बोलायचं काय ते ठरलं नव्हतंच, तोंडून निघून गेलं.

"दमलीस का गं?"

धाकटी गोंधळली. हा प्रश्न या आवाजात तिनं कधी ऐकला नव्हता. तिनं प्रोग्रामवालीकडे पाहिलं, खांबाकडे पाहिलं, मग बापाकडे.

पडद्यावरचा आकडा उतरायला लागला. नव्वद, एकोणनव्वद. खांदे खाली आले, जॅकेट हळूहळू घसरलं. शहाऐंशीवर आकडा थांबला आणि प्रोग्रामवालीनं आवाज न करता बटण दाबलं. सवयीनं ओठांवर आलेलं "हलू नकोस" मास्तरांनी गिळून टाकलं.

"हो बाबा," धाकटी म्हणाली. "खूप."