वरच्या अंगाचं सोनं

"निघालं का काही? का आजबी गंगेनं ठेंगाच दाखवला?" चंद्रभाननं काठावरूनच विचारलं.

सरजाबाईचं नवऱ्याकडं लक्ष नव्हतं. गुडघाभर पाण्यात उभी राहून ती पन्हाळीतला घोंगडीचा तुकडा अलगद उचलत होती. पन्हाळ म्हणजे बोअरच्या जाड पाइपाचा उभा चिरलेला अर्धा भाग. तो दगडांवर उतरता ठेवायचा, तळाशी जुनी घोंगडी अंथरायची, वरच्या तोंडाशी वाळू टाकायची आणि पाणी सोडायचं. वाळू वाहून जाते, जड असेल ते लोकरीत अडकून बसतं. मग घोंगडी परातीत धुवायची आणि परात फिरवत बसायचं. झारेकऱ्यांच्या घरात जन्मलेल्या बाईला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

पण झारेकऱ्यांची जागा घाटाखाली. गंगाखेडला आसपासच्या गावांतली राख गोदावरीत पडते. जाणाऱ्याच्या तोंडात घरचे सोन्याचा मणी, नाहीतर मोडक्या फुलीचा तुकडा ठेवतात. तो राखेबरोबर पाण्यात येतो आणि झारेकरी तो वाळूतून काढून सराफाला विकतात. चंद्रभानची सगळी हयात त्यात गेली, सरजाबाईचीही. आता मात्र दुपार कलली की ही बाई घाट सोडायची आणि वरच्या अंगाला, नदीच्या वळणाशी, पन्हाळ मांडून बसायची. तिथं कुणाची राख पडत नव्हती. तिला कोरं सोनं पाहिजे होतं. कुणाच्या तोंडात न गेलेलं, नदीनं स्वतः आणलेलं.

"अगं, ही गंगा काळ्या मातीतून येती," चंद्रभान म्हणाला. "तिनं सोनं आनावं तरी कुठून?"

"तुमी घाटावर जावा. मी माझ्या हातानं करायले, तुमच्या हातानं न्हाई."

चंद्रभान हसत निघून गेला. त्याला या खुळाचं कारण ठाऊक होतं, म्हणूनच तो नुसती थट्टा करायचा, अडवायचा नाही.

कारण सेलूला होतं. एकुलती लेक प्रियांका तिथं दिली होती. सासरचे मूळचे झारेकरीच, पण सासऱ्यानं भांड्यांचं दुकान टाकलं आणि घाट सुटला. अशा घरांना सोडलेल्या धंद्याचा विटाळ इतरांपेक्षा जास्त असतो. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, तेही त्यांनी होऊ दिलं नाही. घाटाच्या काठाला बाळंतीण नको म्हणाले. बारशाला सरजाबाई हौसेनं इवल्याशा बाळ्या घेऊन गेली, तर विहीणबाईंनी, बायनाबाईंनी, त्या हातातसुद्धा घेतल्या नाहीत. "ईनबाई, राग मानू नका. कोवळ्या लेकराला मेल्या माणसाचं सोनं घालत नसतेत." सरजाबाईनं चारचौघींत हसून डबी परत कमरेला खोचली.

दुकानातून विकत आणावं तर पैसा घाटाचाच. चंद्रभान तर म्हणायचा, "सराफाकडं तरी कुठून येतं? आपुन इकलेलंच आटवून त्या बाया अंगावर घालून बसल्यात." बोलणं खरं होतं, पण खरं बोलून नात मांडीवर येत नव्हती. त्या दिवसापासून सरजाबाई सेलूला गेली नव्हती. नात दिसायची ती फोनवर. रेंज गेली की तिचा चेहरा तसाच थिजून राहायचा, आणि सरजाबाई फोन बंद न करता त्या थिजलेल्या चेहऱ्याकडे बघत बसायची. आता नातीचे कान टोचायचे ठरले होते. रिकाम्या हातानं जायचं नाही आणि घाटाचं न्यायचं नाही, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

त्या दिवशी परात फिरवता फिरवता काळ्या रेतीच्या कडेला काहीतरी पिवळं चमकलं. सरजाबाईचा हात थांबला. तिनं पाणी निथळू दिलं, बोटानं रेती सारली. बारीक दाणे होते, अगदी बारीक, पण सोनंच.

आणि ते गोल होते.

नदीनं घासत आणलेलं सोनं कोंड्यासारखं चपटं असतं, चितेत वितळलेलं गोल होतं. लग्न होऊन आल्यावर सासूनं सगळ्यात आधी तिला हेच सांगितलं होतं. सरजाबाईनं ते गोल दाणे पाहिले आणि पाहिले नाहीत. इतके दिवस जीव ज्यासाठी तुटत होता, ते परातीत आलं असताना तिला त्याचा आकार बघायचा नव्हता.

घरी येऊन तिनं टाकणखार घालून ते निखाऱ्यावर आटवलं, ठोकलं, सुईभोवती वळवून ज्वारीच्या दाण्याएवढा मणी केला. चंद्रभाननं मणी उजेडात धरला, मग बायकोच्या तोंडाकडं पाहिलं. "झ्याक झालाय," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ती वळणावर गेली ती कासाबाईला मणी दाखवायला. कासाबाई आणि धोंडीबा दरवर्षी मेंढरं घेऊन त्या वळणावर उतरायचे. पन्हाळीतली घोंगडी धोंडीबाचीच. सरजाबाई नवी मागायला गेली तेव्हा तोच म्हणाला होता, "नवी नगं, अक्का. खळीनं ताठ असती. माझी झिजलेली न्या." कालपर्यंत वळण रिकामं होतं. आज मेंढरं दिसली म्हणून ती लगबगीनं गेली, आणि कासाबाईचं मोकळं कपाळ पाहून जागीच थबकली.

"दादा?"

"गेले की, अक्का," कासाबाई म्हणाली. "बोरीच्या शिवारात व्हतो. छातीत कळ आली म्हनले अन् तितंच बसले. राख घिऊन आमी म्होरं आलो, इथंच सोडली. घाटावर लय गर्दी असती. त्यांला हे वळण गोड वाटायचं. मंग मेंढरं आनायला माघारी गेलो, ते आज आलो."

सरजाबाईचा हात कमरेच्या डबीवर गेला. "तोंडात काय ठिवलं व्हतं?"

"माझ्या पोतीतला मनी. सोन्याचा तेवढाच व्हता."

सरजाबाईनं कमरेची डबी काढली, मणी तळहातावर घेतला आणि हात पुढं केला. काही सांगावं लागलं नाही. झारेकऱ्याच्या हातातलं सोनं कुठून येतं, हे नदीकाठच्या माणसाला कळतं. कासाबाईनं वाकून मणी पाहिला. मग तिनं एका बोटानं मणी हलकेच दाबला, उचलला मात्र नाही.

"घ्या, कासाबाई. तुमचा हाय."

"गंगेला दिलेलं माघारी घेत नसतेत. नातीला घाला. त्यांला लेकरांची लय माया व्हती."

कान टोचायच्या दिवशी सरजाबाई परभणीला गाडी बदलून सेलूला पोचली. वाटभर तिनं वाक्य घोळवलं होतं: वरच्या अंगाचं हाय, घाटावरचं न्हाई. त्यात खोटं काही नव्हतं.

बायनाबाईंनी पाणी दिलं, ख्यालीखुशाली विचारली. नात त्यांच्या मांडीवर होती, तोंडात मूठ घालून अनोळखी बाईकडं टकामका बघत होती. डबी उघडताच बायनाबाईंनी विचारलंच, "ईनबाई, घाटावरचं तर न्हाई ना?"

"न्हाई. घाटाच्या लय वरचं हाय. वळणावरचं."

"मंग काय हरकत न्हाई. वाळूतलं म्हंजी देवाचंच." बायनाबाईंनी तळहात पुढं केला.

मणी त्या हातात टाकला असता, तर नात बायनाबाईंच्या मांडीवरून तिच्या मांडीवर आली असती. सरजाबाईनं मणी चिमटीत धरला. डोळ्यांपुढं धोंडीबा आला, घोंगडी झटकून देणारा.

"धोंडीबा नावाचा मेंढका व्हता, ईनबाई," ती म्हणाली. "त्याच्या तोंडातला हाय."

बायनाबाईंचा हात तसाच राहिला, मग हळूच मागं गेला. "न सांगता बी चाललं असतं की वो."

"चाललं असतं. पर मानूस व्हता तो. त्याला वाळू कसं म्हनू?"

बायनाबाई वाईट बाई नव्हत्या. त्यांनी चहा केला, जेवायचा आग्रह केला. पण सोनारानं कान टोचले ते सराफाकडून आणलेल्या सोन्याच्या तारेनं, आतल्या खोलीत. नातीचं रडणं सरजाबाईनं ओसरीवर बसून ऐकलं. नात अजून तिच्या हातात आली नव्हती. चहाचा कप विसळून तिनं पालथा घातला आणि निघाली.

दाराशी प्रियांका आली, पोर कडेवर घेऊन. "मी माईला गाडीत बसवून येते," असं आत बघून म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता चालू लागली.

दोघी स्टँडच्या बाकावर येऊन बसल्या. मग प्रियांकानं विचारलं, "माय, कोन धोंडीबा? आपले धोंडीमामा?"

"व्हय."

प्रियांकाचे डोळे भरले. "तुमी दोघं घाटावर असले की मी त्यांच्यापाशीच असायची. कोकरू हातात द्यायचे अन् म्हनायचे, धर, तुझ्याबिगर हे गप बसत न्हाई." तिनं नाक पुसलं. मग पोरीचं झबलं वर केलं, कमरेच्या काळ्या करदोड्याची गाठ सोडली. "दे तो मनी."

"अगं, तुझी सासू..."

"अंघोळ मीच घालते हिला."

तिनं मणी करदोड्यात ओवला, गाठ मारली, दोनदा ओढून बघितली आणि झबलं खाली केलं. मग पोर सरजाबाईच्या मांडीवर ठेवली. "धर जरा. हात अवघडले माझे."

पोरीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. रडून थकलेली ती, दोन हुंदके देऊन सरजाबाईच्या मांडीवर झोपून गेली. सरजाबाईनं पाय हलवले नाहीत.

परभणीची गाडी लागली. कंडक्टरनं हाक दिली, बायाबापड्या पिशव्या सावरत चढल्या.

"माय, गाडी लागली. हिच्या मागची अंधार पडल्यावरच हाय."

"असू दे," सरजाबाई म्हणाली.

गाडी सुटली. धुळीचा लोट आला, तसा सरजाबाईनं पदर ओढून नातीच्या तोंडावर धरला.