काचेवरचं नख

चैत्र सरत आला की कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीच्या उंबरावर तांबट पक्षी बोलू लागतो. धातूवर धातू आपटावा तसा त्याचा एकसुरी स्वर दुपारच्या पांढऱ्याफेक उन्हात ठिणग्यांसारखा उडत राहतो, आणि मला हटकून मालूआत्याचं नख आठवतं. सूचनाफलकाच्या काचेवर वाजणारं नख. टुक, टुक, टुक, आणि मग, मान न वळवता, "हे कुणासाठी लिहिलंय रे?"

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. उभं आयुष्य शाळेत मराठी शिकवण्यात गेलं आणि निवृत्तीनंतर सगळं पुणे हाच तिचा वर्ग झाला. काठीसारखी सरळ, कांजी केलेल्या साडीचा कडकपणा स्वभावात उतरलेली. चष्म्याच्या काचेत ऊन असं काही साठायचं, की समोरच्याला तिचे डोळे दिसत नसत, स्वतःचंच तोंड दिसे. लहानपणी ती मला मंडईत न्यायची ती भाजीला नव्हे, पाट्या वाचायला. 'फळांना हात लावू नये' ही पाटी वाचून तिनं विचारलं होतं, "हे कुणाला सांगितलंय, घेणाऱ्याला की नुसतं बघणाऱ्याला?" मी विचारात पडलो, तोवर गाळ्यावरून उत्तर आलंच, "बाई, घ्यायचंय का वाचायचंय?" त्यावर ती चक्क हसली. म्हणाली, "बघ, ह्यांना हेतू लपवता येत नाही. सज्जन माणूस."

तिचा एक नियम होता, आणि वर्गातल्या कित्येक पिढ्यांनी तो घाम गाळून पाळलेला: ज्याच्याविषयी लिहिलं, त्याच्यासमोर उभं राहून ते मोठ्यानं वाचायचं. शब्द सजले आहेत की सोंग घेऊन आले आहेत, हे कागदावर कळत नाही, म्हणे. ते समोरच्याच्या चेहऱ्यावर कळतं.

आता माझ्या पराक्रमाकडे वळतो. पन्नाशी गाठेपर्यंत मी आयुष्यात फारसं काही केलं नाही. पण 'तुमचं मराठी छान आहे हो' या एका वाक्यावर सोसायटीचा सचिव मात्र झालो. बागेतल्या बाकावर दुपारी हौसाबाई बसत. चार घरचा स्वयंपाक करणाऱ्या हौसाबाई, दोन घरांच्या मधल्या तासाभरात तिथं डबा सोडत, पाय वर घेत, क्षणभर डोळे मिटत. दिवसभरात त्यांना पाठ टेकायला मिळे ते तेवढंच. समितीतल्या काहींच्या डोळ्यांना ते खुपू लागलं, आणि शब्दांची जबाबदारी अर्थातच माझ्यावर आली. मी लिहिलं: 'उद्यानाचे सौंदर्य व निवांतपणा जपण्याच्या उदात्त हेतूने बाकांचा वापर यापुढे केवळ रहिवाशांपुरता मर्यादित राहील. आपल्या सहकार्याबद्दल मनःपूर्वक आभार.' 'उदात्त' हा शब्द सुचला तेव्हा मी स्वतःवरच खूश होऊन चहा मागवला होता, हे लपवण्यात आता अर्थ नाही.

दुसऱ्या दिवशी काचेवर नख वाजलं.

आत्याचा संताप वळवासारखा गडगडत येत नसे. माघातल्या पहाटेसारखा तो आवाज न करता हाडांत शिरे. "जिला उठवायचंय तिचं नाव नाही. जे वाचणार त्यांना उठायचं नाही. आणि आभार कसले मानतोस? तिनं काही दिलेलं नाही, तू काढून घेतोयस. चल, वाच तिच्यासमोर."

पन्नाशीचा सचिव कान धरल्यासारखा बागेत गेला. हौसाबाई भाकरीचा तुकडा मोडत होत्या. मला बघून पदर सावरून उठू लागल्या. मी वाचू लागलो. 'सौंदर्य' कसंबसं पार पडलं. 'निवांतपणा'शी आवाज चिरकला. 'उदात्त' तोंडातून निघेचना. उन्हात, तांबटाच्या साक्षीनं, मला माझं छान मराठी प्रथमच ऐकू आलं.

हौसाबाईंनीच सुटका केली. "ऱ्हाऊ द्या दादा, कळलं. माझं म्हायेर हिंजवडीकडचं. आमच्या बांधावर आंबा व्हता, त्याच्याखाली कुनीबी बसायचं, इचारायचं नाय. आता तितं कंपनीचं गेट हाय. तितंबी अशीच पाटी हाय. निस्ती तुमच्यावानी ग्वाड न्हाई."

मी फलकावरचा कागद काढला, सचिवपद सोडलं. आणि ही काही शौर्यकथा नाही, कारण आठवड्यात तीच सूचना दुसऱ्या कुणाच्या अक्षरात परत लागली, 'उदात्त'सकट. माझा शब्द त्यांना फारच आवडला होता. आजही तो काचेआड पिवळा पडत उभा आहे, आणि आजही तिथून जाताना माझ्या कानशिलांत आग पेटते. निम्मी त्यांच्यावर, निम्मी त्या शब्दाच्या बापावर.

आत्यानं मात्र अर्ज केला नाही की सभेत भांडली नाही. तळमजल्यावरच्या आपल्या उंबऱ्यात तिनं स्वतःची वेताची खुर्ची ओढली आणि जिना उतरणाऱ्या प्रत्येकाला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "हौसा, बस. हे माझं दार आहे. इथं फक्त माझी सूचना चालते." पुढं कित्येक दुपारी त्या दोघी तिथं दिसत, एक डबा खाताना, दुसरी वर्तमानपत्राला जाब विचारताना, आणि दोघींच्या पायांशी उन्हाची एकच चौकट सरकत जाताना.

एका मार्गशीर्षात आत्या गेली. खुर्ची मी हलवली नाही. काल दुपारी, तिच्याच नियमानं, हा मजकूर हौसाबाईंसमोर मोठ्यानं वाचला. त्यांनी डबा बाजूला ठेवून शेवटपर्यंत ऐकलं, आणि म्हणाल्या, "ब्येस हाय, दादा. पन बाई आसत्या तर निम्मं खोडलं आसतं."

उंबरावर तांबट बोलत होता. खोडणारं माणूस गेलं की आपलं लिहिलेलं सगळंच्या सगळं तसंच उरतं. काळ जे नेतो त्याची जागा रिकामी नसते, ती अशी, न खोडलेल्या शब्दांनी गच्च भरलेली असते.