पुढचा बाप्तिस्मा

माझी आत्या, रेव्हरंड गुरम्मा, ब्याऐंशी वर्षांची आहे आणि तिला निवृत्त करणं म्हणजे मांजराला आंघोळ घालणं. सोलापूरच्या भवानी पेठेतल्या आमच्या बाप्टिस्ट मंडळीनं तीन वर्षं हा उद्योग करून पाहिला.

तशी नोकऱ्या सोडण्यात ती पटाईत. टॉवेलच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायची, मुकादमाशी भांडली आणि सोडलं. मग सरकारी दवाखान्यात सुईण झाली. मैंदर्गीला बदली झाल्यावर कानडी शिकली, ती मुख्यतः बाळंतिणींच्या नवऱ्यांना शिव्या घालता याव्यात म्हणून. तिथले पिकल्या मिशांचे बाप्ये अजून सोलापुरात तिला बघितलं की रस्ता बदलतात. पुढं विमा विकला. समोरचा माणूस कशाकशानं मरू शकतो हे ती इतकं रंगवून सांगायची, की लोक सही करून मोकळे व्हायचे आणि घरी जाऊन जेवायचे नाहीत. पन्नाशी उलटल्यावर एक दिवस म्हणाली, आता देवाचं काम करते, आणि बायबल कॉलेजात नातवंडांच्या वयाच्या पोरांशेजारी जाऊन बसली. माझे वडील म्हणजे तिचे धाकटे भाऊ. ते एवढंच म्हणाले, की आता देवाचं काही खरं नाही.

हे एकच काम तिनं सोडलं नाही. लग्न नाही, मूलबाळ नाही. घरात मी एक भाची, तीही शाळेत मास्तरीण, म्हणजे बोलायला कंटाळलेली. रविवारी संदेश द्यायला पुलपिटामागं उभी राहिली की आत्या वीतभर उंच दिसायची. ते गेलं तर ही बाई वर्षभर टिकणार नाही, अशी मला खरीच भीती होती.

मंडळीचे सेक्रेटरी प्रभु हे चिंचोळी एमआयडीसीत सुपरवायझर. माणूस वाईट नाही, पण देवदूतांनासुद्धा शिफ्ट लावेल असा. तीन वर्षांपूर्वीच्या वार्षिक सभेत त्यांनी हात जोडून म्हटलं, की बाईंनी आता विश्रांती घ्यावी, अभिमन्यू नावाचे तरुण पाळक यायला तयार आहेत. आत्या भांडेल म्हणून मी चपला शोधायला लागले. ती भांडली नाही. उठली, डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाली, "पुढचा बाप्तिस्मा तेवढा माझ्या हातचा होऊ द्या. त्या दिवशी ओल्या पदरानं चर्चची चावी देते." बायका रडल्या. ठराव एकमतानं पास झाला.

सगळ्यांची मती कुठं गेली होती कुणास ठाऊक. आमच्यात तान्ह्या बाळावर पाणी शिंपडत नाहीत. जाणत्या माणसानं स्वतः मागायचं, मंडळीपुढं उभं राहून साक्ष द्यायची, प्रश्नांची उत्तरं द्यायची, लोकांनी हात वर करून संमती द्यायची आणि मग हौदात आख्खं बुडवायचं. प्रश्न पाळकानं विचारायचे. माणूस तयार आहे की नाही, तेही पाळकच, म्हणजे आत्याच, सांगणार.

पहिला आला अमृत. त्याला आत्यानं आधी भावाशी अबोला सोडायला सांगितलं. भाऊबंदकी अजून चालू आहे. कुणी आणखी तयार झालंच, तर हौदाला पाणी नसायचं. आमच्याकडं नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं आणि त्याचं रविवारशी वैर आहे. शेवटी उरल्या रंभाबाई.

रंभाबाई म्हणजे आत्याची कांड्यांच्या काळातली मैत्रीण. जन्मापासून चर्चमध्ये, पण लहानपणी विहिरीत पडल्यामुळं पाण्याला घाबरायच्या, म्हणून बाप्तिस्मा राहिलेला. नेमका ठराव झाल्यावर त्यांना तो हवासा वाटू लागला. प्रभुंना आनंद झाला. रंभाबाई मंडळीपुढं उभ्या राहिल्या. आत्यानं विचारलं, प्रभू येशूचे शिष्य किती? रंभाबाई म्हणाल्या, सोळा, स्वयंपाकाच्या बाया धरून. पुढल्या खेपेला त्यांनी जलप्रलयातलं तारू भलत्याच माणसाकडून, मोशेकडून, बांधून घेतलं. त्याच्या पुढल्या खेपेला योनाला माशाऐवजी मगरीनं गिळलं. लोक हळहळले, वय झालं म्हणाले. आत्या मोठ्या दुःखानं मान हलवायची आणि आणखी सहा महिने अभ्यास सांगायची.

मी मात्र संडे स्कूलमध्ये याच रंभाबाईंच्या हाताखाली शिकले होते. त्यांना अध्याय-ओवीसकट शास्त्र पाठ. दोघी या विषयावर कधी एक शब्द बोलल्या नाहीत. कटसुद्धा इतका निगुतीनं करता येतो, हे मला तेव्हा कळलं.

यंदा मार्चमध्ये रंभाबाईंच्या हृदयाचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी मे महिन्यात ऑपरेशन सांगितलं. या वयात भरवसा देता येणार नाही, असंही सांगितलं. रंभाबाई घरी आल्या आणि आत्याला म्हणाल्या, की त्याआधी बुडी मारायची आहे, आता खरंच. आत्या त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी नळाला पाणी आलं तेव्हा स्वतः हौदापाशी उभी राहून तिनं तो भरून घेतला. एप्रिलच्या उन्हात पाणी आपसूक कोमट झालं.

रविवारी मंडळी जमली. रंभाबाई काठी टेकत पुढं आल्या. आत्यानं सोप्यातला सोपा म्हणून तोच प्रश्न विचारला. रंभाबाईंनी तिच्याकडं बघितलं. मग पुलपिटाकडं बघितलं. पुन्हा तिच्याकडं.

"सोळा," त्या म्हणाल्या.

प्रभुंनी उसासा टाकला. एकही हात वर झाला नाही. आत्यानं फक्त मान हलवायची होती. खुर्ची आणखी सहा महिने तिचीच होती. मी बाकाची कड घट्ट धरून बसले. खरं सांगते, तिनं मान हलवावी असं मला वाटत होतं.

आत्यानं बायबल मिटलं. "तिला सगळं येतंय," ती म्हणाली. "माझी जागा जाऊ नये म्हणून तीन वर्षं खोटं बोलतीया. आन मी बोलू दिलं."

रंभाबाई भडकल्या. "लई शहाणी हाईस," त्या म्हणाल्या आणि प्रभुंकडं वळल्या. "बारा. यहूदा गेला तवा चिठ्ठ्या टाकून मत्थियाला घेतला, म्हंजे परत बारा. जागा काय, भरत्यात की." हे म्हणताना मात्र त्यांनी आत्याकडं बघितलं नाही.

सगळे हात वर झाले. सर्वांत आधी प्रभुंचा.

हौदात उतरताना रंभाबाईंनी आत्याच्या गळ्याला अशी मिठी मारली, की आत्यानं पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं म्हणून त्यांना मागं झुकवलं तेव्हा दोघी एकदमच पाण्याखाली गेल्या. प्रभुंनी बुटांसकट उडी मारली. दोघी वर आल्या त्या हसत, खोकत, आणि रंभाबाई विचारत होत्या की आता गुरम्माचे दोन बाप्तिस्मे झाले का. आत्यानं ओल्या पदराची गाठ सोडली आणि तिथंच, कमरेएवढ्या पाण्यात, प्रभुंच्या हातात चावी दिली. त्यांना ती घेववेना. तिनं त्यांची मूठ स्वतः मिटवली.

पुढच्या रविवारी अभिमन्यू पाळकांचा पहिला संदेश होता. आत्या जन्मात पहिल्यांदा शेवटच्या बाकावर बसली, रंभाबाईंच्या शेजारी. पाचव्या मिनिटाला तिनं कुजबुजायला सुरुवात केली. त्यानं बायबलातल्या रोमकरांच्या पत्राचा संदर्भ चुकीचा दिला होता म्हणे. पोरगं पुलपिटावर अडखळलं. माना मागं वळल्या.

"गप की, गुरम्मा," रंभाबाई म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू. "पाळक बोलायलेत."

आत्याचं तोंड उघडं राहिलं. मग तिनं ते मिटलं. संदेश लांबला, चांगलाच लांबला, आणि ती शेवटपर्यंत एक शब्द बोलली नाही. रंभाबाईंचा हात तिनं मांडीवर घेऊन धरला होता आणि जुन्या सवयीनं नाडीवर बोट ठेवलं होतं.