राहीची फेरी

“तोंड पुसू नगं तिचं, पोरी,” कोंडीबा वस्ताद म्हणाले. “हाय तशीच दे.”

तानुबाईचा पदर धरलेला हात राहीच्या हनुवटीपाशी थांबला. लेकीची लाळ पुसायला तिला कधी सांगावं लागलं नव्हतं. जन्मल्यापासून ती पुसतच आली होती. पुसू नको म्हणणारं माणूस तिला आज पहिल्यांदा भेटलं.

“मामंजी, तुमी सबूद दिला व्हता. पोरीला मैदानात न्हेणार न्हाई म्हणून.”

“दिला व्हता.” वस्ताद उंबऱ्यावर टेकले. नात्यानं ते तिचे चुलत सासरे. गावात त्यांचा शब्द मोडायची कुणाची टाप नव्हती, आणि आज तोच शब्द मोडायला ते स्वतः चालत आले होते. “निम्म्या कुस्त्या झाल्या. फेटा फिरवून झाला. लोक टाळ्या वाजिवत्यात, पर हात काय खिशात जाईना. आप्पासो पाटील म्हणत्यात, पोर डोळ्यांनी दिसल्याबिगर पैसा सुटायचा न्हाई.”

तासगावाकडच्या त्या गावात अशी अधू लेकरं असलेली तीन घरं होती. त्यातली तानुबाईची राही नऊ वर्षांची झाली तरी तिला चालता येत नव्हतं, बोलता येत नव्हतं. हसायची मात्र गोड, आणि सरपटत जाऊन चुलीत हात घालायची. म्हणून खुरपायला जाताना तानुबाई तिला घरातल्या मेढीला, छताच्या खांबाला, बांधून जायची. जुन्या लुगड्याच्या मऊ धडप्यानं बांधायची, पण बांधायचीच. बाया म्हणायच्या, आई हाय का कसाई? बोलायला कुणाच्या बापाचं काय जातंय! नवरा नाथाजी पलटणीबरोबर ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर, आणि लढाईच्या महागाईत त्याची मनिऑर्डर ज्वारीलासुद्धा पुरत नव्हती. खुरपं हाती धरल्याशिवाय चूल पेटत नव्हती.

वस्तादांनी एकदा ती बांधलेली पोर पाहिली आणि त्यांना अन्न गोड लागेना. सांगलीचा एक सुतार पाठीला टेकू असलेला हातगाडा करून देतो, असं त्यांच्या कानावर आलं. पोर गाड्यात, गाडा बांधावर, आई वावरात. तिन्ही घरांना गाडे करून द्यायचे म्हणून त्यांनी जत्रेच्या कुस्त्या लेकरांच्या नावानं लावल्या. जिंकलेल्या पैलवानानं फेटा पसरून मैदानात फेरी मारायची आणि लोकांनी खुशीनं त्यात टाकायचं, ही तिकडची जुनी रीत. यंदा फेरीचा पैसा लेकरांचा. एकाही पैलवानानं हूं की चूं केलं नाही. वस्ताद माणूस भला, आणि भल्या माणसाचंच भय फार. त्याला नाही म्हणता येत नाही.

तरी तानुबाई म्हणाली, “हिचा बा तिकडं बंदूक घिऊन हुबा हाय. आन् त्याच्या लेकीनं हितं भीक मागायची व्हय?”

“भीक का म्हणतीस? गाव आपल्या लेकराला देतंय.”

“मग न बघता द्या की.”

वस्ताद फेट्याच्या शेवाशी चाळा करत बसून राहिले. म्हातारा उठून जाईल तर बरं, असं तानुबाईला वाटलं. आणि गेला तर? उद्या पुन्हा मेढ, पुन्हा गाठ. तिला त्यांचा राग आला, गावाचा आला, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा आला. तिनं पदर सोडला, राहीला उचललं आणि लाळेसकट त्यांच्या हातात दिलं.

बायका मैदानात जात नसत, कडेच्या घरांच्या माळवदावरून बघत. तानुबाईही तिथं जाऊन उभी राहिली. कुस्ती जिंकलेल्या हरिबा पैलवानानं राहीला खांद्यावर घेतलं होतं. तिचा तळवा त्यानं धरून पुढं केला, कुणीतरी त्यात नाणं ठेवलं, त्यानं ते फेट्यात टाकलं. हलगी घुमली. एवढी माणसं राहीनं जन्मात पाहिली नव्हती. ती खिदळायला लागली. निम्मी फेरी झाली आणि हरिबाला तिचा तळवा धरून पुढं करावाच लागेना. लोक डोळे पुसत होते आणि देत होते. शेजारची साळूबाई म्हणाली, “नशीब काढलंस गं, तानू.”

तानुबाई मान खाली घालून जिना उतरली.

गाडे आले. चांगले आले, उगाच नावं कशाला ठेवा. राहीला मेढीला बांधायचं बंद झालं. बांधावरच्या बाभळीखाली गाडा लावून तानुबाई खुरपायला बसायची आणि मान वर केली की लेक दिसायची. पण वाटेनं कुणीही आलं की राही हसायची आणि तळवा पुढं करायची. तानुबाई तिची बोटं मिटवायची. माणूस दिसलं की ती पुन्हा उघडायची. एरवी घास तोंडाशी न्यायला शिकवताना आईचा जीव मेटाकुटीला आला होता. हे मात्र पोर एका दुपारी शिकली. येणारेजाणारे दिडकी ठेवायचे, म्हणायचे, कशी शानी झाली बघा.

नाथाजी रजेवर आला तो घरी कुलूप बघून थेट वावरातच आला. खाकी कपडे, वाळलेला, ओळखू न येण्यासारखा. तानुबाई खुरपं टाकून उठली, पण तो आधी गाड्यापाशी गेला. चार वर्षांत लेक आपल्याला विसरली असेल, या धास्तीनं तो वाटभर झुरत आला होता.

राहीनं त्याच्याकडं पाहिलं, हसली, आणि तळवा पुढं केला.

नाथाजी तिच्यासमोर खाली बसला. तिचा हात त्यानं दोन्ही हातांत घट्ट धरला. “वळखलं गं मला,” तो म्हणाला. “आपनहून हात फुडं केला बघ.”

राहीनं बोटं सोडवून घेतली, तळव्यात निरखून पाहिलं आणि हात पुन्हा पुढं केला. त्यानं तो गालाला लावून धरला.

“वळखलं न्हवं?” त्यानं विचारलं.

“व्हय,” तानुबाई म्हणाली. “वळखलं.”

आणि खुरपणीची सोडलेली पात धरायला ती परत खाली बसली.