डॉक्टरकडे जायला काय आडवं येतं

विसामच्या आईच्या दिवाणखान्यात सात बायका बसल्या होत्या आणि सातही जणींची उत्तरं अगदी बरोबर होती. इब्तिहालला त्याचीच काळजी वाटू लागली.

स्तनाच्या कर्करोगाविषयीची इंग्रजी प्रश्नावली अरबीत आणायचं काम विद्यापीठाने तिच्याकडे दिलं होतं. ती बायकांना कळते का, कुठे खटकते, एवढं तपासायचं राहिलं होतं. सोमवारी ती पक्की होऊन पश्चिम सिडनीतल्या दवाखान्यांत जाणार होती. इब्तिहालची आई, नजीहा, याच आजाराने जाऊन अकरा महिने झाले होते. तिच्यासारखी एखादी बाई या कागदापाशी खरं बोलेल, या आशेवर तिने हे काम घेतलं होतं.

'डॉक्टरकडे जायला काय आडवं येतं?' या प्रश्नाखाली लाज, भीती, कामाचा व्याप अशी कारणं दिली होती. सातही जणींनी प्रत्येक कारणापुढे 'नाही'वर खूण केली होती.

"खाला, खरं सांगा. तुम्ही हे पाठ करून आलात?"

विसामची आई, नजीहाची जुनी मैत्रीण, चहा ओतता ओतता थांबली. "मग? तुझी परीक्षा म्हटल्यावर काय हातावर हात धरून बसायचं? गुरुवारीच सगळ्यांना बोलावलं, तू आधी पाठवलेला कागद नातीकडून वाचून घेतला, उत्तरं घोकली. ही तबारकची आई दोनदा चुकली. तिला चहाबरोबरचा खजुराचा क्लेचा दिला नाही मी."

"दिला होता," तबारकची आई म्हणाली. "तुटका."

"नजीहाची मुलगी आमच्यापायी नापास झाली असती, तर वर गेल्यावर तिला काय तोंड दाखवलं असतं?"

इब्तिहालला हसू आलं. चहाचा एक घोट घेऊन ती म्हणाली, "परीक्षा माझी नाही, खाला. या कागदाची आहे. तो कुठे चुकलाय ते तुम्हीच सांगायचं."

तिने कोरे कागद काढले आणि एकेकीने स्वयंपाकघरात यावं असं सुचवलं. पहिली आली ती विसामची आईच. कागदाला हात न लावता ती सिंकपाशी उभी राहून पेले विसळू लागली.

"खरं कारण तुझ्या कागदात नाहीच," ती पाठमोरीच म्हणाली. "नजीहाला गाठ लागली तेव्हा तुझ्या लग्नाला सहा महिने होते. मला म्हणाली, आईला ते आहे हे कळलं तर मुलीलाही होईल म्हणून तिकडचे मागे फिरतील. एकदा पोरगी सासरी जाऊ दे. मला शपथ घातली. मी पाळली. पाळायला नको होती."

आई लाजेपायी गप्प राहिली, असं इब्तिहाल अकरा महिने धरून बसली होती आणि मनातल्या मनात तिच्यावर रागावत आली होती. तो राग आता कुठे ठेवावा ते तिला कळेना. तिने उठून विसामच्या आईच्या ओल्या हातावर ओठ टेकले.

मग खाली बसून तिने यादीत नवी ओळ लिहिली: 'घरातल्या मुलीचं लग्न व्हायचं आहे.'

"असं लिहिलं तर कळेल?"

"आंधळीलाही कळेल."

तबारकची आई आत आली. चष्मा लावून भराभर 'नाही', 'नाही' करत ती नव्या ओळीपाशी पोचली. "ही गुरुवारी नव्हती," ती म्हणाली. तिने बोट ठेवून ती ओळ पुन्हा वाचली आणि 'हो'वर खूण केली.

"तबारकचं लग्न डिसेंबरात आहे," ती हळूच म्हणाली.

"कधीपासून आहे, खाला?"

"ईदपासून. दुखत नाही गं. असंच काहीतरी असेल."

"असेलही. डॉक्टरला बघू दे."

विसामच्या आईने हात पुसले आणि तिच्या शेजारची खुर्ची ओढली. "मी येते बरोबर. कोणी विचारलं तर माझे गुडघे दाखवायला गेलो म्हणू. तबारकच्या होणाऱ्या सासूला माझ्या गुडघ्यांचं रडगाणं तोंडपाठ आहे."

तबारकची आई हसली. हसता हसता तिने डोळ्यांना ओढणीचं टोक लावलं, पण ती नाही म्हणाली नाही. बाहेरून कुणीतरी चहा मागितला. "तुमचा तुम्ही घ्या," विसामची आई आतूनच म्हणाली. इब्तिहालने फोन उचलला आणि दवाखान्याचा नंबर लावला.