सुनेचा देश

सरलाबाईंनी सुनेच्या निऱ्या सारख्या केल्या, पदराला पिन लावली आणि हळूच म्हणाल्या, "पाहुण्यायनं पुसलं तर हासून टाकजो. तुह्ये सासरे मणिपूरची म्हनतीन. ठीक?"

मारिसेल दोहाच्या दवाखान्यात नर्स होती. तिथंच प्रशिकशी लग्न झालं आणि सुट्टीत ती पहिल्यांदाच तेलीबांध्याला सासरी आली होती. होकार द्यायचा तर ती नुसत्या भुवया उडवायची. तिच्याकडची रीतच तशी. सरलाबाईंना आधी तो उद्धटपणा वाटायचा. आज मात्र भुवया जागच्या हलल्या नाहीत.

"मम्मी, दोहा में लोग पहले मेड समझते थे. तब भी बोली, फिलिपीन्स की हूँ. अब अपने घर में छुपाऊँ?"

"आजच्या दिवस वं," सरलाबाई पुटपुटल्या.

बैठकीत भंडाऱ्याचे यशवंतराव बसले होते. आपल्या मुलासाठी, अश्विनसाठी, ते प्रशिकच्या बहिणीला, साक्षीला बघायला आले होते. परदेशी वहिनी ऐकून याआधीची दोन स्थळं बिचकली होती, म्हणून झाकली मूठ सव्वा लाखाची, असं सरलाबाईंच्या नवऱ्यानं, लहानूंनी ठरवलं होतं.

"सून कुठली म्हना?"

"मणिपूरकडली," लहानू म्हणाले आणि उगाच पंख्याकडे बघू लागले.

चहाचा ट्रे घेऊन आलेली मारिसेल दारातच थबकली. मान ताठ होती, पण डोळे भरले होते. सरलाबाईंनी लहानूंकडे पाहिलं. हाच का तो माणूस? रेल्वेत नवे लागले तेव्हा ब्राह्मणपारा वस्तीत खोली बघायला गेले होते. मालकानं आडनाव विचारलं. सोबतचा मित्र दुसरं काहीतरी सांग म्हणून खुणावत राहिला. यांनी छाती काढून सांगितलं, रामटेके. खोली गेली. मग नवरा-बायकोनं ट्रंकेवर बसून मुरमुरे खाल्ले, आणि नव्या नवरीला नवऱ्याचा असा काही अभिमान वाटला, की तेवढ्यावरच तिचं पोट भरलं.

"मणिपूरची नाही, भाऊ," सरलाबाई बोलून गेल्या. "फिलिपीन्सची हाय. सोताचं आडनाव यायनं जन्मात लपवलं नाही, अन् सुनेचा देश लपवून राहिले."

लहानूंची मान खाली गेली. आतल्या दाराशी साक्षीनं ओढणी मुठीत घट्ट धरली.

मारिसेलनं ट्रे टेबलावर ठेवला.

"इलोइलो में मेरा घर है," ती यशवंतरावांना म्हणाली. "समुंदर के पास."

यशवंतरावांनी चहा बशीत ओतला आणि शांतपणे संपवला. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. भंडाऱ्याहून बायको होती.

"हव, पाहिली पोट्टी. आयक तं खरी. आपल्या सुनेची वहिनी फिलिपीन्सची हाय... नेपाळ काहून? फिलिपीन्स म्हनलं मी."

पलीकडून प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. यशवंतरावांनी हसून फोन मारिसेलपुढे धरला.

"घे बेटी. तुह्या देशाचं तूच सांग हिले."

मारिसेलनं पदराला हात पुसले आणि फोन घेतला.