फितीबाहेर

हे टाइपच करायचं नाही, असं त्याने जवळजवळ ठरवलं होतं. तरी बोटं चालली आणि मेजरसाहेबांनी सांगितलेलं वाक्य स्क्रीनवर उमटलं : ‘एक जवान लघवीसाठी पांढऱ्या फितीबाहेर गेल्याने जखमी झाला.’

त्याने ते खोडलं.

“काय टंक्या, बोटं आखडली का?” साहेबांनी चहात बुडवलेलं बिस्किट अख्खं तोंडात कोंबलं. “पुढे घे. ‘सुरुंग काढून होताच मेजरांनी स्वतः त्या वाटेवर पहिलं पाऊल टाकलं.’”

पूल बांधणाऱ्या, सुरुंग काढणाऱ्या त्यांच्या पलटणीचा इतिहास छापायला जायचा होता. पुलांची प्रकरणं त्याने झपाटल्यासारखी टाइप केली होती. छातीभर पाण्यात उभं राहून तुळया धरणारी ती माणसं त्याला सख्ख्या काकांसारखी वाटायला लागली होती. उरलं होतं ते सुरुंगांचं प्रकरण. आणि त्या दिवशी तो स्वतः तिथे होता.

सुरुंग काढलेल्या वाटेच्या दोन्ही कडांना पांढरी फीत लावत. आणि पलटणीत एक रीत होती. वाट साफ झाली असं जो सांगेल, त्यानेच तिच्यावरून पहिलं चालायचं. त्या दिवशी जनरलच्या गाड्या खोळंबल्या होत्या. साहेबांनी जीपमध्ये बसूनच वायरलेसवर “साफ” म्हणून टाकलं आणि चालायला दुसऱ्याला पाठवलं. मुंगळ्याला, टंक्याच्या दोस्ताला. त्याचा पाय गेला तो दोन फितींच्या बरोबर मधोमध.

“साहेब, तो फितीच्या आत होता.”

“असं? चौकशीत त्याने स्वतःच बाहेर होतो म्हणून सांगितलंय. तू कोण मोठा लागून गेलास?” साहेबांनी मिशीतला चुरा झटकला, चिकट बोटं पडद्याला पुसली. “संध्याकाळी छापखान्यात गेलं पाहिजे.”

तो तडक पुलांच्या सामानाच्या शेडमध्ये गेला. मुंगळा खोक्यावर बसून पुलाच्या खिळींना ग्रीस लावत होता. नकली पाय काढून शेजारी ठेवला होता.

“या लेखकमहाराज! माझा फोटो कुठल्या पानावर?”

त्याने सगळं सांगितलं. मुंगळ्याने पुढची खीळ उचलली.

“छापू दे की. मुतरा म्हणून का होईना, इतिहासात गेलो.”

“दात काढू नकोस. तुझे बाबा वाचतील ते.”

“त्यांना तेच माहितेय. तेव्हापासून ताट पुढे सरकवतात, बोलत नाहीत.”

“मग असं सांगितलंसच का? त्या भडव्याला घाबरलास?”

“त्याला कोण घाबरतंय!” मुंगळ्याने खीळ फडक्यावर ठेवली. “त्याने आधी हाक कोणाला मारली होती, आठवतं?”

आठवत होतं. हाक टंक्यालाच आली होती. तो उठणार तेवढ्यात मुंगळा म्हणाला होता, मी जातो, साहेब.

“मला वाटलं, तुला जनरलसमोर मिरवायचंय.”

“मिरवलोच की.” मुंगळा हसला नाही. “शेवटचा पट्टा तपासायचा राहिला होता. साहेबाने फीत आधीच लावून घेतली होती, माझ्याच हातून. मला माहीत होतं. तुला नव्हतं. म्हटलं, जपून जाऊ, निभेल.”

“मग हेच सांगायचं ना चौकशीत!”

“आणि बाबांनी विचारलं असतं, हाक दुसऱ्याला होती तर तू का गेलास? मग तुला घरात घेतलं असतं त्यांनी? दर रविवारी येतोस. घरात तुझ्याशीच तर बोलतात ते. तू आलास की घर घरासारखं वाटतं.”

टंक्या खाली बसला. त्या घरात खाल्लेला घास न् घास वर येतोय असं त्याला झालं. म्हातारा स्वतःच्या हाताने त्याला आग्रहाने वाढायचा, आणि मुलाकडे बघायचाही नाही. साहेबांच्या मिशीतल्या चुऱ्यापेक्षा आता त्याला स्वतःच्या भरल्या पोटाची जास्त शिसारी आली. त्याने ग्रीस लागलेली दुसरी खीळ उचलली, नुसतीच हातात धरली.

“पान मीच पाठवणार आहे,” तो म्हणाला. “जे झालं तेच जाईल.”

“साहेब तुला खड्डे खणायला लावेल.”

“लावू दे. पण बाबांना पुस्तकातून नको कळायला. रविवारी मी सांगतो.”

मुंगळ्याने नकली पाय जवळ ओढला.

“जेवण झाल्यावर सांग रे. नाहीतर उपाशी जाशील.”

“नाही,” टंक्या म्हणाला. “जेवायच्या आधी सांगेन. शब्द देतो.”